आधी सतरंजी, मग बायोडेटा

सातारा-सांगलीकडं साठी ओलांडलेल्या माणसानं लग्नाचं नाव काढलं की पहिला शब्द कानावर येतो तो ‘म्हातारचळ’. गंमत म्हणजे याच मुलखात ‘पाट लावणं’ आणि ‘म्होतूर’ हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यात होते. विधवेचं दुसरं लग्न व्हायचं, फक्त ते गाजावाजा न करता उरकायचे. पुढं चाळीसच्या दशकात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं याच जुन्या सातारा जिल्ह्यात (आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा त्यातच होता) गांधी-विवाह लावले. हुंडा नाही, मानपान नाही, कर्ज नाही. म्हणजे साधेपणानं सोबत जोडायची रीत आपल्याकडं जुनीच आहे. नवीन इतकंच की आता वय पासष्ट आहे, मुलं पुण्याला आहेत, पेन्शन बँकेत जमा होते आणि घर एकाच्याच नावावर आहे. गाडी अडते ती बहुतेकदा इथंच.

माणूस भेटतो कुठं, हा पहिला प्रश्न. परिचय मेळावे होतात, पुण्यात तर २०१२ पासून ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठीही मंडळ आहे. पण मेळाव्यात माणूस इस्त्री करून आलेला असतो. दोन तासांत कळतं ते पेन्शन किती आणि मुलं किती. त्यापेक्षा ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, वाचनालयाची समिती, हास्य क्लब, लोणंद-तरडगाव-फलटणच्या वाटेवर पालखीची सेवा, अशा ठिकाणी सहा महिने काम करा. सोबत शोधायला म्हणून जाऊ नका, कामालाच जा. मासिक कार्यक्रम संपल्यावर सतरंजी घडी करायला कोण थांबतं आणि कोण ‘गुडघे’ म्हणून आधी सटकतं, हे तिथं आपोआप दिसतं.

चहाचंच उदाहरण घ्या. साठ माणसांचा चहा म्हणजे साधारण तीन लिटर दूध, साडेतीन लिटर पाणी, दीडशे ग्रॅम पावडर आणि पाऊण किलोच्या आत साखर. पण साठातले वीसेक जण बिनसाखरेचे असतात. चहा एकत्र उकळून साखर आधीच टाकली की त्यांची पंचाईत होते, मग कुणी गोड पितो आणि कुणी उपाशी बसतो. जो माणूस साखर टाकायच्या आधी दुसरी किटली बाजूला काढतो, तिच्या कडीला दोरा बांधतो आणि वाटताना ‘दोऱ्याची किटली कुणाला’ म्हणून विचारत फिरतो, त्याला दुसऱ्याचं दुखणं लक्षात राहतं. कुठल्याही बायोडेटात ही ओळ सापडणार नाही. तसंच सहलीच्या हिशेबाचं. एकशे चाळीस रुपये कमी पडले तर माणूस चिडतो, स्वतःच्या खिशातले घालून गप्प बसतो, की वही उघडून चूक शोधतो? तिसरा बरा. दुसरा गोड वाटतो, पण घरातही तो असाच गप्प बसून साठवत राहणार.

दिवंगत जोडीदाराबद्दल माणूस कसं बोलतो हेही ऐका. नुसतं कौतुक किंवा नुसत्या तक्रारी असतील तर घाई करू नका. ‘भाजीला हात चांगला होता, पण पैशाचं सांगायची नाही’ असं सरळ बोलणारा माणूस त्या दुःखातून बराचसा बाहेर आलेला असतो. जोडीदार जाऊन वर्षही झालं नसेल तर निर्णय घेऊ नये. पहिलं वर्षश्राद्ध, पहिली दिवाळी, पहिली आजारपणाची रात्र या तिन्हीतून एकट्यानं गेल्यावर आपल्याला माणूस हवाय की फक्त डबा, ते कळतं. नुसता डबाच हवा असेल तर मेस लावावी; त्यात काही कमीपणा नाही.

ज्येष्ठ नागरिक संघात कुणाला सोबत हवी असेल तर ते सांगायची सोय असावी, पण ती चव्हाट्यावर नको. दोन मध्यस्थ ठरवा, एक बाई आणि एक पुरुष, दोघंही स्वतः इच्छुक नसलेले. इच्छा त्यांच्याकडं तोंडी सांगायची, नाव एका वहीत, आणि वही एकाच घरी. बाईचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर अजिबात टाकू नका. एकदा फिरला की तो भावकीत कुणाच्या तरी फोनवर पोचतोच, आणि मग ती संघात यायचंच सोडते. नकार आला तर मध्यस्थानं ‘त्यांचं सध्या मन नाही’ एवढंच सांगावं, कारण देऊ नये. कारण सांगितलं की ते फिरतं, आणि पुढच्या बैठकीत दोघांपैकी एकाची खुर्ची रिकामी दिसते.

भेटायला सपाट जागा बघा. साताऱ्यात ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या जागेवरून शहर छान दिसतं, पण चढ गुडघ्यांना परवडत नाही. राजवाड्याजवळची गोल बाग बरी. सांगलीत आमराई किंवा हरिपूरचा संगम. पहिली भेट पाऊण तासाची ठेवा, दुसऱ्या भेटीत ज्यानं-त्यानं आपला चहा द्यावा. एसटीत पंच्याहत्तरीपुढं प्रवास मोफत आणि पासष्टपासून अर्धं तिकीट, बायकांना तर सगळ्याच वयात अर्धं, त्यामुळं सातारा-सांगली अंतर ही काही सबब होत नाही.

ऑनलाइन ओळख झाली असेल तर एकच नियम पाळा: प्रत्यक्ष भेट होईपर्यंत एक रुपयाही द्यायचा नाही. ठकवण्याची तऱ्हा ठरलेली असते. परदेशातला विधुर, दोन महिने गोड बोलणं, मग ‘तुमच्यासाठी पाठवलेलं पार्सल दिल्लीच्या कस्टममध्ये अडकलंय, शुल्क भरा’. पैसे गेलेच तर लाज बाजूला ठेवून लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. बहुतेक लोक मुलांना कळेल म्हणून चार दिवस गप्प राहतात, आणि तेवढ्यात पैसे पाच खाती फिरून गेलेले असतात.

गाठीभेटी पक्क्या व्हायला लागल्या की दवाखान्याच्या फायली समोर ठेवा. बीपी, साखरेचा तीन महिन्यांचा सरासरी आकडा, हृदयाचं काही झालं असेल तर त्याचे कागद, चालू गोळ्यांची यादी. एचआयव्ही आणि कावीळ-बीची तपासणी दोघांनीही करावी, त्यात संशयाचा प्रश्न नाही. शरीरसंबंधाचं न बोलता सोडून देऊ नका. पाळी गेल्यानंतर कोरडेपणा येतो, दुखतं. पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) वंगण औषधाच्या दुकानात मिळतं, आणि त्यानंही भागलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडं उपाय असतात. पुरुषांनी ताकदीच्या गोळ्या मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी (सॉर्बिट्रेट) चालू असेल तर सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल या ताकदीच्या गोळ्या बरोबर घेतल्यावर रक्तदाब एकदम कोसळतो, जीवावर बेतू शकतं. ज्याला हे काहीच नको असेल त्यानं तेही आधी सांगावं. सोबत फक्त गप्पांची आणि जेवणाची असू शकते, पण दोघांची कल्पना एकच असली पाहिजे.

आता मुलं. आपल्या मुलांना आपणच सांगायचं, जावयामार्फत नाही, मामांमार्फत नाही, आणि शक्यतो फोनवर नाही. सगळ्यांना एका दिवशी सांगा. थोरल्याला आधी कळलं आणि धाकटीला महिन्यानं, तर धाकटीचा राग लग्नावर नसतोच, त्या महिन्यावर असतो. मुलींना बहुधा आईची जागा जाते असं वाटतं. मुलांची काळजी जमिनीची असते, फक्त ते ‘लोक काय म्हणतील’ असं म्हणतात. म्हणून जमिनीचं उत्तर तयार ठेवूनच बोलायला बसा.

हे उत्तर नीट समजून घ्यायला हवं, कारण इथं चुकीच्या समजुती भरपूर आहेत. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणं पुरुषानं मृत्युपत्र न करता डोळे मिटले, तर स्वकष्टार्जित मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि आई हयात असेल तर आई यांना सारखे वाटे येतात. दोन मुलगे, एक मुलगी आणि नवी बायको असेल तर प्रत्येकी पाव. बाईचं गणित आणखी वेगळं. पहिल्या नवऱ्याची दोन एकर तिच्या नावावर आली, तिला एक मुलगा आहे आणि तिनं पुन्हा लग्न केलं. तिनं मृत्युपत्र केलं नाही तर तिच्या मागं वारस म्हणून मुलगा आणि तेव्हा हयात असलेला नवरा दोघंही उभे राहतात. म्हणजे बापाची जमीन अर्धी सावत्र बापाकडं जायची वाट उघडी. मुलाच्या पोटात गोळा येतो तो यासाठी, आणि त्याचं काही चुकत नाही.

उपाय सोपा आहे: लग्नाच्या आधी दोघांनीही मृत्युपत्र करायचं. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. दोन साक्षीदार, दोघांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं, ज्यांना काही मिळणार आहे ते नकोत, आणि शक्यतो तुमच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान असावेत. साक्षीदार आधी गेला की सिद्ध करताना त्रास होतो. त्याच तारखेचा डॉक्टरांचा दाखला जोडा, ‘शुद्धीवर व समजून-उमजून’ असा. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडं करून घ्या. सगळ्यात जास्त चुकतं ते जुन्या मृत्युपत्रात. पुन्हा लग्न केलं म्हणून हिंदूंचं आधीचं मृत्युपत्र रद्द होत नाही. दहा वर्षांपूर्वी ‘सर्व काही दोन्ही मुलांना’ लिहून ठेवलं असेल तर ते तसंच लागू राहतं, आणि नवी बायको तेराव्याला पिशवी घेऊन दारात. ख्रिस्ती माणसाचं उलटं आहे: लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र रद्द. मिरजेकडच्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावं. आणि बँकेतलं नॉमिनी म्हणजे मालक नाही. नॉमिनीनं पैसे घ्यायचे ते वारसांसाठी.

घराबाबत मधला मार्ग असा लिहिता येतो: मालकी मुलांची, पण जोडीदाराला हयातीपर्यंत राहण्याचा हक्क. त्यात खोल्या नेमक्या लिहा, ‘तळमजल्याच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम व परसातला नळ’. नुसतं ‘घरात राहू द्यावं’ लिहिलं की माळ्यावरची खोली दाखवतात. काही जण मुलांना गप्प करायला घर आत्ताच बक्षीसपत्रानं देऊन टाकतात, कारण पती-पत्नी आणि मुला-नातवंडांना राहतं घर किंवा शेतजमीन देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार असेल तो वेगळा. आमचं मत याच्या विरुद्ध आहे. द्यायचंच असेल तर ‘आम्हा दोघांचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात हवेतच. ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ च्या कलम २३ खाली सांभाळ न झाल्यास प्रांतांकडं दस्त रद्द करायला जाता येतं, पण अट लिहिलेली नसेल तर बाजू लुळी पडते. याच कायद्यात ‘पालक’ म्हणजे सावत्र आई-वडीलही येतात, हे फार थोड्यांना माहीत आहे.

पेन्शनकडं लग्नाची तारीख ठरवायच्या आधी बघा. साखर कारखान्यातल्या कामगाराच्या विधवेला ईपीएस-९५ ची (भविष्य निर्वाह निधीकडची) पेन्शन मिळत असेल तर ती पुनर्विवाहाच्या तारखेपर्यंतच मिळते. विधवा म्हणून संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान असेल तर तोही आधार जातो. लपवून घेत राहिलात तर वसुली निघते. उलट बाजूला, केंद्र सरकारच्या किंवा लष्कराच्या निवृत्तानं निवृत्तीनंतर लग्न केलं तरी बायकोला पुढं कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, मात्र तिचं नाव पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, चढलं पाहिजे. सातारा जिल्ह्यात फौजी घरं इतकी, की हे काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून लग्नाच्या महिन्यातच करावं. माणूस गेल्यावर बायकोला सगळं सिद्ध करत बसावं लागतं. राज्य सरकारच्या पेन्शनीबद्दल कोषागारात लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्या. काउंटरवरच्या ‘काय होत नाय’ वर विसंबू नका.

लग्न नको, नुसतं एकत्र राहू, असंही ठरतं, विशेषतः पेन्शन वाचवायला. ते गुन्हा नाही. पण सोबती वारस ठरत नाही, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत संयुक्त खातं फक्त पती-पत्नीलाच काढता येतं, आणि दवाखान्यात ‘पेशंटशी नातं’ या रकान्यापाशी अडचण होते. त्यासाठी वैद्यकीय इच्छापत्र करून ठेवावं: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, आणि तुम्ही शुद्धीवर नसताना कुणाला विचारायचं त्याचं नाव. २०२३ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं ही रीत पुष्कळ सोपी केली. लग्न झालेल्यांनीही करावं, कारण आयसीयूच्या दाराशी मुलगा एक म्हणतो आणि बायको दुसरं.

नोंदणी लग्नाचा क्रम असा. विशेष विवाह कायदा १९५४ खाली दोघांपैकी एकानं तरी त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेलं असावं. नोटीस द्यायची, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, आधीच्या जोडीदाराचा मृत्यू दाखला किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा जोडायचा. घटस्फोट असेल तर अपिलाची मुदतही संपलेली हवी. तीस दिवस हरकतीसाठी. त्यानंतर, पण नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत, तीन साक्षीदार घेऊन सह्या करायच्या. १ जुलैला नोटीस दिली तर ऑगस्ट आणि सप्टेंबर हातात राहतात. पितृपक्ष नको म्हणून लोक पुढं ढकलतात आणि मुदत चुकते, मग पहिल्यापासून सगळं. नोटीस कचेरीत लागते, म्हणजे गावाला कळणारच. मुलांशी बोलणं त्याआधी झालेलं असू द्या. देवळात चार माणसांत लग्न लावलं तरी चालतं, पण नव्वद दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद करा. बाईनं नाव बदलायची काहीच गरज नाही. बदललं तर आधार, पॅन, पासबुक, सातबारा या सगळ्यांवर वेगवेगळी नावं होतात आणि नोव्हेंबरातला हयातीचा दाखला अडतो.

घर कुणाचं, यावर बाईनंच पिशवी भरायची असा एक गृहीत नियम आहे. तो मोडायला हरकत नाही. ज्या घरात सून-मुलगा राहत नाहीत ते घर, नाहीतर भाड्याच्या दोन खोल्या. तळमजला गुडघ्यांना बरा, पण सांगलीत आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. नदीकडच्या गल्लीत तळमजला घेऊ नका, पहिला मजला आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा. खर्चाला तीन खाती ठेवा, दोन आपापली आणि एक घरखर्चाचं संयुक्त. घरखर्च २४ हजार आणि पेन्शनी ३२ व १६ हजार असतील तर त्यानं १६ आणि तिनं ८ घालायचे. सारखे वाटे केले की कमी पेन्शनवाल्याला मोसंबीसुद्धा विचारून आणावी लागते.

स्वयंपाकघरात भांडण मसाल्यावरून होतं. तिचा कांदा-लसूण मसाला तिच्या माहेरच्या प्रमाणाचा, त्याला सवय आधीच्या हाताची. दोन बरण्या ठेवाव्या, झाकणावर नावं नकोत. दिवंगत जोडीदाराचा फोटो भिंतीवर राहू द्यावा, तो काढायची मागणी करू नये आणि कुणी काढून दाखवूही नये. पितृपक्षात अविधवा नवमी येते, तिला आधीच्या बायकोचं श्राद्ध असतं. त्या दिवशी पान कोण वाढणार, हे भाद्रपदाच्या आधी ठरवा. मुली त्याच दिवशी घरी येतात आणि सगळं बघतात.

राहता राहिला संघ. जोडी जमली की दोघं हळूहळू यायचे बंद होतात, आणि संघ दोन हातांना मुकतो. आठवड्यातला एक दिवस तरी ज्याचं-त्याचं जुनं काम ज्यानं-त्यानं एकट्यानं करावं. तिचं भजन त्याच्याशिवाय, त्याचं वाचनालय तिच्याशिवाय. संघाच्या बँक खात्यावर अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांपैकी दोघांच्या सह्या चालतात. नवरा-बायको त्यातले दोन असतील तर एकानं पद सोडावं, नाहीतर धनादेश एकाच घरातून निघतो आणि पहिल्याच लेखापरीक्षणात बोट दाखवलं जातं. हळदीकुंकवाला विधवांना बाजूला बसवायची रीत अजून असेल तर ती आधी मोडा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. संघाच्या वार्षिक सभेत असा ठराव मांडायला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरतो.

आणि लग्नानंतरच्या पहिल्या मासिक कार्यक्रमाला जोडप्याला न विचारता शाल-नारळ आणू नका, वर्तमानपत्राला फोटो तर मुळीच देऊ नका. चहाची वही काढा, पाळ्या बघा, आणि दोघांची नावं वेगवेगळ्या आठवड्यांना लिहा.